समुद्राला सिमेंटचा टेकू!

मालवणला गेले, स्कूबा केलं, फोटो काढला, लाइक्स मिळवले... आणि मग कळलं, ज्याच्यावर उभं राहून पोझ दिली तो दगड नव्हताच! मोडलेलं प्रवाळ पुन्हा उभं करता येतं का? उत्तर शोधता शोधता माझी गाडी येऊन थांबली ती थेट पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिवऱ्यात, सिमेंटच्या पाइपांच्या ढिगाशेजारी!

माझा तो फोटो तुम्ही पाहिलेला नाही, पण तसाच एखादा तुमच्याकडेही असेल. हिरवंनिळं पाणी, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर, आजूबाजूला पिवळे-काळे पट्टेवाले मासे आणि मध्यभागी मी, दोन्ही अंगठे वर करून उभी. एकदम हीरॉइन! (खरं तर पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. माझा इन्स्ट्रक्टर बिचारा दोनदा मला वर न्यायला निघाला होता.)

रविवारी रात्री परतीच्या गाडीतूनच फोटो टाकला. लाइक्सचा पाऊस पडला. ‘सॉलिड’, ‘जळवतेस का’, ‘पुढच्या वेळी आम्हाला पण ने’... आणि या सगळ्यांच्या मध्ये माझ्या जुन्या रूममेटची एकच ओळ होती. तिने प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय. ‘छान. पण तू उभी कशावर आहेस?’

मी फोटो मोठा करून पाहिला. तपकिरी दगड. कोबीची पानं एकावर एक पसरावीत तसा. आणि मग आठवलं, उभी राहताना पायाखाली कट्कन काहीतरी मोडलं होतं. तळहाताएवढा पातळ तुकडा निघाला होता. आठवण म्हणून मी तो वर घेऊन आले होते. होडीवरच्या दादांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘ठेवा थंयच. घराक नेव नकात.’’ मला वाटलं काहीतरी समुद्रदेवाची श्रद्धा असेल. तुकडा पाण्यात सोडून दिला आणि विसरले.

रूममेटला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘अगं, दगड नाही तो. टर्बिनेरिया आहे. प्रवाळ. जिवंत प्राणी. म्हणजे... होता.’’

वर तिने आणखी एक बॉम्ब टाकला. असे खडक बांधणारे प्रवाळ आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कुठल्या? ज्यात वाघ आहे त्या! तो तुकडा मी घरी आणून शोकेसमध्ये ठेवला असता तर कायद्याच्या लेखी मी जवळपास वाघनखं विकत घेणाऱ्याच्या रांगेत उभी असते. दादांनी वाचवलं म्हणायचं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. बग सापडला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, फिक्स काय? तसाच इथेही पडला. मोडलं ते मोडलं. पण जोडता येतं का?

शिवऱ्यातलं समुद्रविज्ञान

खेड-शिवापूरचा टोलनाका म्हटलं की सगळ्यांना कळतं. शिवरे म्हटलं की कुणालाच नाही. तर त्याच टापूत, हायवेला लागून, भोर तालुक्यातलं आमचं गाव आहे. समुद्राशी आमचा संबंध म्हणाल तर शून्य. गावाजवळची शिवगंगा गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला आणि सगळं पाणी जातं बंगालच्या उपसागरात. म्हणजे मालवणच्या अरबी समुद्राला आमच्या गावचा थेंबसुद्धा पोचत नाही. पोचतात ती फक्त माझ्यासारखी माणसं. शुक्रवारी रात्री निघायचं, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत घाट उतरायचा आणि सकाळी मालवण!

पण शिवऱ्यात माझे थोरले चुलते आहेत, तात्या. त्यांचा सिमेंटचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक मिक्सर, चार कामगार आणि अंगणभर पसरलेले पाइप, कुंपणाचे खांब, चेंबरची झाकणं नि विहिरीच्या कड्या. त्या रविवारी मी मोबाइलवर एक फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. समुद्राच्या तळाशी काँक्रीटचे पोकळ घुमट, सगळ्या अंगाला भोकं आणि भोकांतून डोकावणारे मासे.

तात्यांनी चष्मा वर केला. ‘‘हे कुनी ओतलं? माल नीट बसलेला न्हाई. भोकं बग किती!’’

‘‘तात्या, ती भोकं मुद्दाम ठेवलीत. आणि पृष्ठभागही मुद्दाम खडबडीत.’’

‘‘आपल्या पायपाला असं झालं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकंल.’’

इथेच मला गंमत वाटली. तात्या ज्याला माल खराब म्हणतात तो समुद्रात उत्तम माल! गुळगुळीत काँक्रीटवर प्रवाळाचं पिल्लू टिकत नाही. त्याला खाचा लागतात, सावली लागते, लपायला कोपरे लागतात. माशांनाही तसंच. हवेशीर घर हवं, म्हणजे पाणी आरपार खेळलं पाहिजे.

तात्या बघता बघता रंगात आले. ‘‘सळई घातलीय का ह्यात? खाऱ्या पान्यात सळई उघडी पडली की संपलं. गंज फुगतो आन् काँक्रीट आतनं फोडतो.’’ बरोबर! म्हणूनच समुद्रातल्या अशा बांधकामात लोखंडावर काँक्रीटचा जाड थर ठेवतात किंवा शक्य तिथे लोखंड टाळतात. ‘‘आन् वजन? लाटंनं गडगडलं तर?’’ हाही प्रश्न बरोबर. विहिरीत बुडालेली घागर हलकी लागते, तसंच काँक्रीटचं वजनही पाण्यात चाळीस टक्क्यांहून थोडं अधिकच कमी भरतं. म्हणून हे साचे बुडाला रुंद आणि जड, वर निमुळते करतात.

ताज्या काँक्रीटचं आणखी एक असतं. त्यातून चुना पाझरतो आणि आजूबाजूचं पाणी तीव्र अल्कधर्मी होतं. म्हणून नीट क्युरिंग झाल्याशिवाय ते समुद्रात टाकायचं नाही. ‘‘अठ्ठावीस दिवस पानी मारल्याबिगर आपन खांब तरी देतो का?’’ तात्या म्हणाले. तर मंडळी, शिवऱ्यात बसून समुद्रविज्ञानाचा अर्धा कोर्स झाला!

पोवळं वेगळं, प्रवाळ वेगळं

आता थोडा क्लास. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळंही प्रवाळच, पण ते नात्यातलं दूरचं. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येतं, अंधाऱ्या, खोल जागी वाढतं. आपण बोलतोय ते उथळ, उन्हाच्या पाण्यात खडक बांधणारं प्रवाळ.

एकेक प्रवाळ-प्राणी बऱ्याचदा दाण्याएवढा. मऊ पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती बारीक शुंडकं. तो स्वतःच्या बुडाखाली कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा थर घालत जातो. हजारो प्राणी शेजारी शेजारी, पिढ्यान् पिढ्या हेच करतात आणि खडक तयार होतो. एवढी एनर्जी कुठून येते? त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालातून. शैवाल उन्हात अन्न बनवतं आणि बराचसा वाटा मालकाला देतं. प्रवाळ त्याला राहायला जागा देतं. एकदम सोयीचं पेइंग गेस्ट!

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण एका अंशाने जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडतं. प्रवाळाचा रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर वाचतं. नाहीतर जातं.

हे प्रवाळ खडक समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत आहेत, पण समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतात. आणि २०२३पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगचा तडाखा २०२५च्या एप्रिलपर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला बसला होता. चौऱ्याऐंशी!

आपल्या मालवणात

प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंदमान, लक्षद्वीप आठवतं. पण आपल्या महाराष्ट्रातही ते आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात मालवण होतं. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात उभारलेला सिंधुदुर्ग किल्लाही त्याच पाण्यात आहे. तटावर फिरताना आपण वर बघतो, पण खरी दुसरी वस्ती त्या खडकांच्या पायथ्याशी आहे.

मालवणचं प्रवाळ पोस्टकार्डावरच्या निळ्या-गुलाबी फांद्यांसारखं नाही. पावसाळ्यात इथे नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होतं. त्यात टिकतात ते गोळ्यासारखे घट्ट, खडकाला चिकटून पसरणारे किंवा माझ्या त्या टर्बिनेरियासारखे पानाच्या आकाराचे. थोडक्यात, काटक कोकणी माणसं! पण काटक असले तरी घाई नाही. गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर तो बहुधा तुमच्याआधी नोकरीला लागलेला आहे.

२०१५-१६च्या उष्ण काळात मालवणचं प्रवाळही पांढरं पडलं. आणि २०२० मध्ये एनआयओच्या संशोधकांनी ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय काय, तर मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांचं होणारं नुकसान. वाचताना मला उगाचच वाटत राहिलं की यात माझाही फोटो असेल.

जमीन सरकते तेव्हा

मूळ प्रश्नाकडे येऊ. सिमेंटचा टेकू दिला की प्रवाळ परत येतं का?

प्रवाळाची अंडी नि शुक्राणू पाण्यात मिसळतात, पिल्लं काही दिवस पाण्यात तरंगतात आणि मग घट्ट जागा शोधून आयुष्यभरासाठी तिथे चिकटतात. प्रॉब्लेम असा, की खडक फुटून त्याचा चुरा झाला की प्रत्येक लाटेबरोबर तो चुरा हलतो. हलत्या खडीवर बसलेलं पिल्लू उलटतं, घासतं, मरतं. आजूबाजूला बीज भरपूर, पण पेरायला जमीन नाही! अशा जागी पक्का पाया दिला की चित्र बदलू शकतं. कृत्रिम खडक करतो ते एवढंच. तो प्रवाळ बनवत नाही. बसायला जागा देतो.

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाजवळ मासेमारीसाठी सुरुंग लावायचे. तळ नुसता चुरा झाला होता. तिथे वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी सहा पायांच्या चौकटी एकमेकींना जोडून अंथरल्या आणि त्यांवर प्रवाळाचे जिवंत तुकडे बांधले. २०२४ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत तिथल्या खडकबांधणीचा वेग शेजारच्या निरोगी खडकाइतका झाला. चार वर्षांत! आपल्याकडे तेवढ्यात उड्डाणपूल होत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण तमिळनाडूतलं आहे. तुतिकोरिनजवळ मन्नारच्या आखातात कित्येक वर्षं प्रवाळ खणून काढायचे, बांधकामासाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी. खडक गेला, लाटा थेट बेटांवर आदळायला लागल्या. वान नावाचं बेट झिजत झिजत जेमतेम थोडंसंच उरलं. मग बेटासमोर समुद्रात सच्छिद्र काँक्रीटचे मोठाले ठोकळे उतरवले. डिझाइन मद्रास आयआयटीचं आणि समुद्रातला अभ्यास तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेचा. लाटांचा जोर मोडायचा आणि प्रवाळाला जागाही द्यायची, असा दुहेरी हिशेब.

याच संस्थेची आणखी एक पद्धत आहे. काँक्रीटची चौकट, तिच्यावर सिमेंटच्या छोट्या लाद्या आणि लादीला बांधलेला प्रवाळाचा जिवंत तुकडा. मालवणातही ही पद्धत येऊन गेलीय. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी जो प्रकल्प झाला, त्यात इथल्या समुद्रात चौकटींवर प्रवाळाचं रोपण केलं गेलं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मी पाय ठेवण्याच्या आधीच तिथे कुणीतरी शोधत होतं.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. चुन्याच्या भट्टीचं ऐकून ते थांबले. ‘‘म्हंजी आधी प्रवाळ काढून चुना केला, आन् आता सिमेंट करून तिथंच टाकायचं?’’

बॉस, हा ॲंगल माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सिमेंट होतं चुनखडकापासून. जगातला बराचसा चुनखडक जुन्या समुद्रांत साचलेल्या शंखशिंपल्यांचा नि प्रवाळांचाच. म्हणजे तात्यांच्या शेडमधल्या पोत्यात जे आहे त्याचं खापरखापरपणजोबांचं गाव समुद्रच निघायचं!

दोन कोटी नव्हे, वीस लाख टायर

पण थांबा. पाण्यात काहीही टाकलं की खडक होतो, असं समजू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात अशीच एक ‘सॉलिड आयडिया’ निघाली. जुन्या टायरांची विल्हेवाटही लागेल आणि माशांना घरही मिळेल! सुमारे २० लाख टायर बांधून समुद्रात सोडले. ऑस्बॉर्न रीफ असं त्याचं नाव. खाऱ्या पाण्यात बंध तुटले, टायर सुटे झाले आणि वादळात गडगडत जाऊन शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळत राहिले. २००७पासून लष्कराच्या पाणबुड्यांना खाली पाठवून ते काढायची वेळ आली.

‘‘वजन आन् बांधनी,’’ तात्या म्हणाले. ‘‘मी पयलंच म्हनलं होतं.’’

दुसरा घोळ नावाचा. कृत्रिम खडक दोन कामांसाठी टाकतात. एक माशांसाठी, एक प्रवाळासाठी. मासे आडोसा शोधतात, त्यामुळे कुठलीही पक्की, भोकांची रचना टाकली की ते लवकर जमतात. आमच्याकडे उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी उतरलं की कांबरेश्वराचं मंदिर वर येतं. पाणी भरलेलं असतं तेव्हा त्या दगडी खांबांत मासे शिरत नसतील, असं मला तरी वाटत नाही. २०२४च्या मार्चमध्ये मुंबईत वरळी कोळीवाड्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर कृत्रिम खडकाची २१० युनिट्स समुद्रात उतरवली गेली. मासे वाढावेत, हा त्यातला मोठा हेतू. चांगलंच आहे. पण मासे जमले म्हणजे प्रवाळ आलं असं नाही. मासे काही दिवसांत येतात. प्रवाळाला वर्षं लागतात, पाणी स्वच्छ लागतं, ऊन लागतं, बीज देणारी जिवंत वसाहत जवळ लागते.

तिसरा प्रकार म्हणजे शिफ्टिंग. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये एनआयओच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे नेल्या. मुंबईत! ज्या किनाऱ्यावर आपण भेळ खातो तिथे पहिल्या अनुसूचीतले जीव राहतात, हेच बहुतेकांना त्या बातमीमुळे कळलं.

आधी नळ बंद कर

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘एक सांग. पाय ठेवनारं थांबल्यात का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘टाकी गळाया लागली तर आपन आधी काय करतो? नळ बंद. मंग सिमेंट. पानी चालू ठेवून कितीबी सिमेंट लाव, व्हातंच.’’

मी दोन आठवडे वाचून जे जमवलं होतं ते या माणसाने एका वाक्यात मांडलं. पुन्हा उदाहरणं पाहा. सुलावेसीत चौकटी टिकल्या, कारण त्या भागातले सुरुंग थांबले होते. मन्नारच्या आखातात रोपणाला अर्थ आला, कारण प्रवाळ खणणं बंद पडलं. आधी नळ, मग सिमेंट.

आता खरं बोलायचं तर सगळ्यात मोठा नळ आपल्या एकट्याच्या हातात नाही. समुद्र तापतोय. काँक्रीट कितीही चांगलं ओतलं तरी ते पाणी थंड करत नाही. गरम लाट आली की चौकटीवरचं प्रवाळही पांढरं पडतं. आणि सिमेंट बनवतानाच भरपूर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ही आणखी एक पंचाईत. म्हणून जगातले शहाणे शास्त्रज्ञ या रचनांना इलाज म्हणत नाहीत. वेळ काढून देणारं साधन म्हणतात.

पण छोटा नळ? तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. होडीचा नांगर प्रवाळावर टाकायचा की बोयाला दोर बांधायचा. फोटोसाठी उभं राहायचं की तरंगायचं. हा नळ उघडा ठेवलाय तो आपणच, शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत येणाऱ्यांनी.

या बाबतीत सिंधुदुर्गात एक इंटरेस्टिंग गोष्ट ठरली. नौदलाची ‘आयएनएस गुलदार’ ही रणगाडे नि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी, सुमारे ८४ मीटर लांबीची नौका. १९८५ मध्ये नौदलात आली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली आणि विजयदुर्गला आणली गेली. निवती रॉकजवळ सुमारे २२ मीटर खोलीवर ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम खडक करायचा, अशी योजना आखली गेली. अशी नौका बुडवण्याआधी तेल, रंग, वायरी, घातक वस्तू काढून ती स्वच्छ करावी लागते, नाहीतर ऑस्बॉर्नचीच आवृत्ती व्हायची.

लोखंडी नौकेवर प्रवाळ किती आणि कधी बसेल ते समुद्रच ठरवेल. मला त्यात वेगळाच फायदा दिसतो. नौकेवर हात ठेवा, टेका, डेकवर उभे राहा, फोटो काढा. तिला काही होत नाही! डायव्हर्सची गर्दी तिकडे गेली तर किल्ल्याजवळच्या त्या काटक मंडळींना थोडी उसंत मिळेल. कृत्रिम खडकाचं कदाचित सगळ्यात मोठं काम हेच, खऱ्या खडकावरचे आपले पाय उचलून घेणं.

दुसरा फोटो

पुढच्या सीझनला मी पुन्हा मालवणला गेले. या वेळी पॅकेज नाही, नीट कोर्स करून. कोर्समधलं सगळ्यात कठीण काय, तर काहीही न करणं. ना बुडायचं, ना वर जायचं, श्वासावर तोलून पाण्यात लटकत राहायचं. पहिल्या दिवशी मी लिफ्टसारखी वर-खाली करत होते. तिसऱ्या दिवशी मिनिटभर जमलं. त्या एका मिनिटात एवढं दिसलं की बस्स! खडकावरच्या खाचेत एक छोटा मासा माझ्याकडे रागाने बघत होता. मी त्याच्या दारात उभी नव्हते, एवढंच त्याला पुरेसं होतं. निघून गेला.

माझं ते मोडलेलं टर्बिनेरिया शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही. समुद्रात पत्ता नसतो.

योगायोगाने होडीवर तेच दादा होते. त्यांना मी आठवत नव्हते, रोज शंभर येतात. मी विचारलं, ‘‘दादा, तुम्ही त्या वेळी तुकडा परत टाकायला का सांगितलंत?’’ त्यांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. म्हणाले, ‘‘तुकडो मोडलो तरी मासो थंयच रवता.’’

या खेपेचा फोटो भयानक आलाय. मी आडवी, केस सगळीकडे, चेहरा अर्धा कापलेला. लाइक्स सोळा. शिवऱ्याला तात्यांना दाखवला तर त्यांनी आधी पाय कुठे आहेत ते पाहिलं. पाय पाण्यात होते. खाली हातभर अंतर, मग खडक.

‘‘आता बरोबर हाय,’’ ते म्हणाले आणि खांबांना पाणी मारायला निघून गेले.

मालवणला जाताय? एवढं पाळा

• पाण्यात उतरण्याआधीच सांगा, ‘मला खडकावर उभं करू नका.’ फोटो वाळूवर किंवा तरंगत काढता येतो.

• पोहायला येत नसेल तर आधी स्विमिंग पूलमध्ये मास्क आणि श्वासाची सवय करा. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पाय टेकायला जागा शोधतो.

• शक्य असेल तर पूर्ण कोर्स करा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे. तोल सांभाळणं ही पहिली शिकायची गोष्ट.

• होडी थांबताना नांगर कुठे पडतोय ते विचारा. बोया असेल तर त्याला बांधायला सांगा. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा फरक पडतो.

• उन्हापासून बचावासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट बरा. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई बेटांनी त्यांच्या विक्रीवर २०२१पासून बंदी आणली.

• प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, घरी आणू नका. विकतही घेऊ नका. कायदा तर आहेच, शिवाय मासो थंयच रवता!